मोकळिकीचा हिशेब : जीपच्या पुढच्या आसाची तपासणी आणि दुरुस्ती

१. प्रास्ताविक

यंत्राचा एखादा भाग मोडला म्हणजे दोष कोठे आहे हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज पडत नाही. परंतु जेथे काहीच मोडलेले नाही, केवळ पाचसहा ठिकाणी थोडेथोडे झिजले आहे, तेथे दोष शोधणे हे हातापेक्षा बुद्धीचे काम होऊन बसते. आडवाटेने जाणाऱ्या गाडीचे पुढचे निलंबन, म्हणजे कारागीर ज्याला सस्पेन्शन म्हणतात ती रचना, हे अशा दोषांचे उत्तम उदाहरण होय. या रचनेतील झीज कशी ओळखावी, ती कोणत्या क्रमाने दूर करावी आणि त्या क्रमामागे कोणते यांत्रिक तत्त्व आहे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयाकडे आमचे लक्ष एका प्रसंगाने वेधले. काही वर्षांपूर्वी क्षेत्राभ्यासासाठी वापरात असलेल्या एका जुन्या जीपमधून आम्ही विद्यार्थ्यांसह भोरहून वरंध घाटाच्या वाटेने महाडकडे निघालो होतो. घाट लागण्यापूर्वीच, सपाट रस्त्यावर, डावे चाक एका खड्ड्यात आदळले आणि दोन्ही पुढची चाके उजवी-डावीकडे इतक्या वेगाने फडफडू लागली की चालकाच्या हातात सुकाणूचे चक्र राहीना. गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ही फडफड थांबली नाही. या गाडीचे टाय-रॉडचे सांधे त्याआधी एकदा बदलण्यात आले होते, टायर नवे होते, आणि एवढ्यानेही गुण न आल्यामुळे सुकाणूला आडवा धक्काशोषकही बसविण्यात आला होता. त्यानंतर काही महिने गाडी शांत होती. दोष गेला असे सर्वांनी धरून चालले होते. वस्तुतः तो केवळ झाकला गेला होता. त्या दिवशी आम्ही घाट न उतरता परत फिरलो.

२. रचना

येथे जी जीप उदाहरणादाखल घेतली आहे तिचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे अमेरिकेत १९५३ साली निघालेल्या सीजे-३बी या नमुन्याचे उत्पादनही तिने परवान्याखाली हाती घेतले. त्या वंशातील गाड्या कित्येक दशके निघत राहिल्या.

या गाडीचा पुढचा आस अखंड आहे. एका चाकाने धक्का खाल्ला की संपूर्ण आस कलतो. हा आस दोन्ही बाजूंच्या पाट्यांवर यू-बोल्टांनी आवळलेला असतो. पाट्याचे एक टोक चौकटीला खिळलेले, तर दुसरे शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला जोडलेले असते. कारण पाटा दबला की त्याची लांबी बदलते व त्या बदलास वाव ठेवावाच लागतो. आसाच्या टोकाशी चाक वळविणारा नकल असतो. तो ज्या किंगपिनवर फिरतो, तो नावाने एक असला तरी प्रत्यक्षात वरचा व खालचा असे दोन आखूड खुंट असतात. कारण मधल्या पोकळीतून पुढच्या चाकांना शक्ती देणारा दांडा व त्याचा सांधा जातो. प्रत्येक खुंटावर शंक्वाकार रोलरचे बेअरिंग असून पातळ पत्र्याच्या शिमांनी त्यावरचा दाब ठरविला जातो.

सुकाणूची साखळी याहून लांब आहे. चालकाच्या हाताची गती गिअरपेटीतून पिटमन भुजेकडे, तेथून ड्रॅग लिंकमधून बेलक्रँक नावाच्या वळत्या भुजेकडे, आणि बेलक्रँकपासून दोन टाय-रॉडांमार्फत दोन्ही नकलांकडे पोहोचते. या मार्गावर दर एका सांध्यात थोडी मोकळीक असते. कारागीर तिला 'प्ले' म्हणतात. सांधे एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे त्यांच्या मोकळिकींची बेरीज होते, ही गोष्ट या लेखाच्या मुळाशी आहे.

३. एक मिलिमीटरचे महत्त्व

मोकळिकीचे परिणाम किती मोठे असतात हे साध्या गणिताने कळते. समजा, नकलाच्या सुकाणू-भुजेची लांबी १५० मि.मी. आहे आणि टायरचा व्यास ७०० मि.मी. आहे. टाय-रॉडच्या एका सांध्यात १ मि.मी. मोकळीक असेल तर ते चाक १/१५० रेडियन, म्हणजे सुमारे ०.३८ अंश, कोणताही विरोध न होता वळू शकते. टायरच्या पुढच्या व मागच्या कडांमधील अंतराचा फरक यामुळे ७००/१५०, म्हणजे जवळजवळ ४.७ मि.मी. इतका बदलतो.

आता निर्मात्याने सांगितलेला टो-इन पाहावा. जुन्या विलिस जीपसाठी तो ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे सुमारे १.२ ते २.४ मि.मी. आहे. तेव्हा एकाच सांध्यातील एक मिलिमीटर मोकळिकीने होणारी चूक संपूर्ण टो-इनच्या दुपटीइतकी वा त्याहूनही अधिक भरते. यावरून एक व्यावहारिक नियम निघतो: मोकळीक काढण्यापूर्वी चाकांची रेषा जुळविणे निरर्थक होय. यंत्रावर जुळविलेली रेषा गाडी रस्त्यावर आली की पहिल्याच वळणावर नाहीशी होते, आणि टायर मात्र झिजत राहतात.

याच गणिताची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. चार सांध्यांत प्रत्येकी ०.३ मि.मी. मोकळीक असेल, तर एकएक सांधा हाताने तपासणारा कारागीर प्रत्येक वेळी 'हा ठीक आहे' असेच म्हणेल. एकूण मोकळीक मात्र १.२ मि.मी. होईल. दोष कोणत्याही एका भागात नसून बेरजेत असतो, आणि भाग सुटासुटा पाहणाऱ्यास बेरीज दिसत नाही.

४. फडफड कशी उत्पन्न होते

चाकांच्या या फडफडीला 'शिमी' असे नाव आहे. फ्रान्समध्ये जॉर्जेस ब्रुलिए यांनी १९२५ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि हॉलंडमध्ये डेल्फ्ट येथे हान्स पासेइका यांनी १९६६ साली याच विषयावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. रस्ता खडबडीत आहे म्हणून चाक हलते एवढे सोपे हे प्रकरण नाही. शिमी हे स्वयंप्रेरित आंदोलन आहे. खड्डा केवळ सुरुवात करून देतो. त्यापुढे आंदोलनास लागणारी ऊर्जा गाडीच्या पुढे जाण्याच्या गतीतूनच, टायर व रस्ता यांच्या परस्परक्रियेमार्फत मिळत राहते.

अखंड आसाच्या गाडीत यात आणखी एक कारण मिसळते. एका चाकाने उसळी घेतली की आस कलतो. फिरते चाक हे भोवऱ्यासारखे असल्यामुळे त्याच्या अक्षाची दिशा बदलताच, चाक वळविणारा आघूर्ण उत्पन्न होतो. चाक वळले की उलट दिशेने आस कलविणारा आघूर्ण उत्पन्न होतो. अशा रीतीने आसाचे डुलणे आणि चाकांचे वळणे एकमेकांस पोसू लागतात.

मोकळिकीचे कार्य येथे विशेष घातक असते. सांध्यातील फटीच्या आत चाकाला रोखणारी ताठरता सुकाणूच्या साखळीकडून मुळीच मिळत नाही. फट संपली की ती एकाएकी मिळू लागते. यास्तव लहान आंदोलनात साखळीची सरासरी ताठरता शून्याजवळ असते आणि आंदोलनाचा विस्तार वाढेल तशी ती वाढत जाते. परिणामी साखळीची नैसर्गिक वारंवारता स्थिर न राहता विस्ताराबरोबर बदलते. ताशी ६० कि.मी. वेगाने जाणारे ७०० मि.मी. व्यासाचे चाक सेकंदाला सुमारे साडेसात फेरे घेते. टायरमध्ये थोडासाही असमतोल असेल तर याच वारंवारतेने तो सुकाणूला ढकलीत असतो. मोठ्या धक्क्याने विस्तार वाढून साखळीची वारंवारता जर याच्याजवळ आली, तर फडफड तेथे पकड घेते. मोकळी झालेली गाडी गुळगुळीत रस्त्यावर दिवसभर नीट चालते, आणि एका खड्ड्याने बेकाबू होते, ती यामुळेच.

आडवा धक्काशोषक अशा आंदोलनातील ऊर्जा शोषून घेतो. काही निर्माते तो मूळ रचनेतच देतात, तेव्हा त्यात वाईट काही नाही. परंतु झीज न शोधता तो बसविणे म्हणजे ताप उतरविणारे औषध देऊन रोगनिदान टाळण्यासारखे होय. फटी आत वाढतच राहतात. धक्काशोषक थकला, अथवा फट त्याच्या शक्तीबाहेर गेली, की दोष पूर्वीपेक्षा मोठा होऊन प्रकट होतो.

५. तपासणीचा क्रम

तपासणीचे मुख्य तत्त्व असे की प्रत्येक सांध्यावर तो कामात असताना ज्या दिशेने भार येतो त्याच दिशेने भार द्यावा, आणि जवळच्या इतर सांध्यांची मोकळीक त्या वेळी बंद करावी.

प्रथम गाडी जमिनीवरच, चाके सरळ ठेवून, उभी करावी. एकाने सुकाणूचे चक्र थोडेथोडे उजवी-डावीकडे हलवावे आणि दुसऱ्याने गाडीखाली राहून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावे. बोट असे ठेवावे की त्याचा अर्धा भाग एका भागावर व अर्धा दुसऱ्यावर येईल. डोळ्याला न दिसणारी मोकळीक बोटाला कळते. टायर जमिनीला घट्ट धरून असल्यामुळे सांध्यांवर या वेळी खरा भार येतो. चाके वर उचलून हीच तपासणी केली तर कित्येक झिजलेले सांधे निर्दोष भासतात.

त्यानंतर आसाखाली जॅक लावून चाके जमिनीपासून सुटी करावी, आणि आस भक्कम ठोकळ्यांवर टेकवावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. टायर वरच्या व खालच्या कडेला धरून आतबाहेर हलवावा. हलला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये असेल किंवा किंगपिनच्या बेअरिंगमध्ये असेल. दोहोंतील भेद करण्याची युक्ती सोपी आहे: साथीदारास ब्रेक दाबून धरावयास सांगावे. ब्रेकमुळे ड्रम नकलाशी जखडला जातो व चाकाच्या बेअरिंगची मोकळीक बंद होते. ब्रेक दाबूनही हालचाल उरली तर ती किंगपिनची होय. नकल आणि आसाचे गोलाकार टोक यांमधील फटीकडे पाहिल्यास तिची खात्री पटते.

हाताला जाणवणाऱ्या हालचालीचा अर्थही मोजून लावावा. वरच्या व खालच्या बेअरिंगमधील अंतर १२५ मि.मी. आहे असे धरू. टायरच्या कडेला, म्हणजे मध्यापासून ३५० मि.मी.वर, ३ मि.मी. हालचाल आढळली, तर बेअरिंगमधील मोकळीक एक मिलिमीटरहून अधिक असली पाहिजे. शंक्वाकार रोलरच्या बेअरिंगवर नेहमी थोडा दाब राहावा लागतो, त्यात फट मुळीच राहू द्यावयाची नसते. तेव्हा ही झीज किती पुढे गेली आहे हे निराळे सांगावयास नको.

किंगपिनच्या बेअरिंगची झीज एका विशिष्ट प्रकारची असते. गाडी बहुतेक वेळ सरळ जात असल्यामुळे रोलर पूर्ण फेरा कधीच घेत नाहीत. एकाच जागी आदळत राहून बाहेरील कडीवर खाचा पाडतात. अशा बेअरिंगमध्ये चाक सरळ असताना मोकळीक आढळते आणि चाक वळविले की ती नाहीशी होते. शिमा काढून हा दोष जाईल असे समजणारा कारागीर फसतो. कारण मध्यावर मोकळीक जाईपर्यंत शिमा काढल्या तर वळलेल्या स्थितीत बेअरिंग अडकू लागते. खाचा पडलेली कडी बदलणे हाच उपाय होय.

पाट्यांची तपासणी पहारीने करावी. शॅकल आणि पाट्याचा डोळा यांच्यामध्ये पहार घालून बाजूला रेटावे. आस पाट्यावर सरकला आहे काय हे पाहण्यासाठी दोन्ही बाजूंना पाट्याच्या स्थिर डोळ्यापासून आसापर्यंतचे अंतर मोजावे. दोन बाजूंत फरक असेल तर मधला बोल्ट तुटला आहे वा यू-बोल्ट सैल आहेत असे समजावे. अशा गाडीचा आस वाकडा बसतो आणि सुकाणू कितीही जुळविले तरी ती एका बाजूला ओढत राहते.

पाटे चपटे झाले किंवा आस त्यांच्यावर फिरला, तर कॅस्टर कोनही बदलतो. जुन्या विलिस जीपसाठी तो ३ अंश सांगितला आहे. कॅम्बर दीड अंश आणि किंगपिनचा कल साडेसात अंश. कॅस्टर कमी झाला की वळणानंतर चाके आपोआप सरळ होत नाहीत आणि गाडी रस्त्यावर भरकटू लागते. भरकटणे या एकाच लक्षणाची कारणे पाटा आणि सुकाणू अशा दोन भिन्न ठिकाणी असू शकतात, म्हणून लक्षणावरून एकदम भागाकडे उडी घेऊ नये.

६. हिशेब जुळविणे

येथवरची तपासणी कुशल कारागीर करतोच. आमचा आग्रह त्यापुढील एका पायरीबद्दल आहे. सुकाणूचे चक्र घट्ट धरून ठेवावे, ब्रेक दाबून चाकाचे बेअरिंग बंद करावे, आणि टायरच्या पुढच्या कडेला आडवी हालचाल किती होते ती मोजावी. भुजा १५० मि.मी. आणि टायरची त्रिज्या ३५० मि.मी. असेल, तर कडेची हालचाल साखळीतील मोकळिकीच्या सुमारे २.३ पट असते. म्हणजे कडेला ७ मि.मी. हालचाल आढळली तर साखळीत एकूण ३ मि.मी. मोकळीक आहे. आता प्रत्येक सांध्यातील मोकळीक डायल गेजने निरनिराळी मोजावी व मधल्या भुजांच्या प्रमाणात तिचा हिस्सा धरून बेरीज करावी. बेरीज ३ च्या जवळपास आली तर निदान पूर्ण झाले. ती दीडच आली, तर उरलेला दीड मिलिमीटर अशा जागी आहे जी आपण पाहिलेलीच नाही.

हिशेब आणखी सूक्ष्म करता येतो. दोन्ही टायरांच्या पुढच्या कडा एकमेकींपासून दूर रेटाव्या. या वेळी दिसणारी हालचाल मुख्यतः टाय-रॉडच्या सांध्यांतील असते. नंतर दोन्ही चाके एकाच दिशेने रेटावी; या वेळी बेलक्रँक, ड्रॅग लिंक, पिटमन भुजा आणि गिअरपेटी यांचीही मोकळीक तीत मिसळते. दोन मापांतील फरकावरून दोष बेलक्रँकच्या अलीकडे आहे की पलीकडे हे सांधा न उघडताच समजते. पहिल्या प्रकारच्या मोकळिकीने टो-इन बिघडतो व टायर झिजतात. दुसऱ्या प्रकारच्या मोकळिकीने टो-इन बिघडत नाही, आणि म्हणूनच रेषा जुळविण्याच्या यंत्रावर ती दिसून येत नाही.

आमच्या गाडीची गोष्ट नेमकी हीच होती. टाय-रॉडचे सांधे नवे होते आणि त्यांत मोकळीक जवळजवळ नव्हतीच. परंतु एकूण मोकळिकीपैकी निम्म्याहून अधिकाचा हिशेब लागेना. तेव्हा चिखल व जुने ग्रीस खरवडून बेलक्रँकचा खुंट उघडा केला. तो आपल्या बैठकीत सरळ सरळ डोलत होता. त्याजबरोबर डाव्या नकलाच्या वरच्या बेअरिंगच्या कडीवर वर वर्णिलेल्या खाचा आढळल्या. नवे सांधे आणि धक्काशोषक यांवर खर्च झाला होता, आणि खरे दोन दोष चिखलाखाली तसेच राहिले होते.

७. दुरुस्ती

दुरुस्तीचा क्रम पायापासून वर असा असावा: आधी पाटे, शॅकल व त्यांचे बुश, मग किंगपिन, मग चाकांची बेअरिंगे, मग सुकाणूची साखळी व गिअरपेटी, आणि सर्वांत शेवटी चाकांची रेषा. आधीच्या पायरीवरील दोष पुढच्या पायरीवरील माप खोटे ठरवितो, हे या क्रमाचे कारण आहे.

जुन्या जीपच्या शॅकलांना आटे असलेले बुश असतात आणि त्यांपैकी काही डाव्या आट्यांचे असतात. न पाहता पान्याने जोर लावल्यास आटे कापले जातात. ज्या गाड्यांत रबरी बुश आहेत त्यांचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच शेवटचे आवळावे. पाटा लोंबता असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते. यू-बोल्ट थोड्या प्रवासानंतर पुन्हा आवळून घ्यावे.

किंगपिनच्या शिमा जीपसाठी ०.००३, ०.००५, ०.०१० व ०.०३० इंच जाडीच्या मिळतात. त्या वर व खाली सारख्याच काढाव्या वा घालाव्या, नाहीतर नकल मध्यरेषेवरून सरकून आतील दांड्याचा सांधा एका बाजूस जातो. बेअरिंगवरील दाब मोजताना तेलसील काढलेले व टाय-रॉड सुटा केलेला असावा. भुजेला ताणकाटा अडकवून नकल फिरविण्यास लागणारी ओढ निर्मात्याच्या पुस्तिकेशी ताडून पाहावी. ही ओढ म्हणजे केवळ बेअरिंगच्या आयुष्याचा प्रश्न नव्हे. तीतून मिळणारे अल्पसे घर्षण शिमीला आवर घालते. लँड रोव्हरच्या जुन्या नमुन्यांत खालच्या बाजूस रोलर बेअरिंग देऊन वरच्या बाजूस साधा घर्षणयुक्त बुश ठेवला होता, तोही याच दृष्टीने लक्षात घेण्याजोगा आहे.

टाय-रॉडचा सांधा ज्या निमुळत्या भोकात बसतो ते भोक नट सैल राहिल्यामुळे लंबवर्तुळाकार झाले असेल, तर नवा सांधा बसवून उपयोग नाही. भुजाच बदलावी लागते. खाचांच्या नटातून स्प्लिट पिन घालताना भोक समोर येत नसेल, तर नट पुढे आवळावा. मागे कदापि सोडू नये. सैल निमुळता सांधा दर धक्क्याने भोक मोठे करीत जातो आणि अखेर सुटतो. ड्रॅग लिंक घाटात सुटणे म्हणजे काय, हे वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही.

ओढे ओलांडणाऱ्या गाडीत नकलातील ग्रीस दुधाळ झालेले आढळल्यास सीलमधून पाणी शिरले आहे असे समजावे. नवे बेअरिंग जुन्या सीलमागे बसविणे म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तेच काम पुन्हा करणे होय.

८. समारोप

अखंड आसाचा काळ प्रवासी गाड्यांत मागे पडत चालला आहे. २०१० साली आलेल्या महिंद्र थारच्या काही प्रकारांचे पुढचे निलंबनही स्वतंत्र भुजांचे होते, आणि २०२० च्या नमुन्यातही ते तसेच आहे. अशा रचनेत किंगपिनच्या जागी बॉल जॉइंट येतात; परंतु तत्त्व बदलत नाही. स्प्रिंगचा भार खालच्या भुजेवर असेल तर जॅकही खालच्या भुजेखालीच लावावा लागतो, कारण अन्यथा भाराखाली दबलेला सांधा आपली मोकळीक दाखवीत नाही. सांधा कोठे भार घेतो हे ज्याला समजले नाही, त्याच्या हाताला झीज सापडत नाही.

आमच्या जीपमध्ये बेलक्रँकचा खुंट व बैठक, डाव्या नकलाची दोन्ही बेअरिंगे आणि सील एवढे बदलल्यावर टायरच्या कडेवरील माप पुन्हा घेतले. त्यानंतर आडवा धक्काशोषक काढून ठेवून गाडी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवून पाहिली. खड्ड्यात चाक आदळले, चक्राला एक झटका बसला, आणि चाके आपोआप सरळ झाली. मग घाट उतरलो.

विद्यार्थ्यांनी यातून एक सवय लावून घ्यावी अशी आमची विनंती आहे. एखादा झिजलेला भाग सापडला की तपास थांबविण्याचा मोह होतो, कारण सापडलेला भाग हातात धरून दाखविता येतो. परंतु एक दोष सापडणे आणि सर्व दोषाचा हिशेब लागणे या दोन भिन्न गोष्टी होत. बेरीज जुळेपर्यंत गाडी दुरुस्त झाली असे म्हणू नये.